सोल्यांच्या दिवसांतली शाळा

परवा इतवारा बाजारात तुरीच्या शेंगा दिसल्या. पोत्यावर हिरवा ढीग, वरून पाण्याचा शिपका, आणि विकणारी बाई एकेक शेंग बोटांत दाबून दाखवत होती. "भरल्या हायेत ताई. पोचट निघाल्या तं वापस आना." मी भाव न करता घेतल्या. त्यामुळे तिलाच थोडं चुकल्यासारखं झालं असावं, कारण तिनं वरून आणखी दोन मुठी टाकल्या. घरी येऊन शेंगा परातीत ओतल्या आणि मुलींना हाक मारली. ओवी आठवीत आहे, जुई सातवीत. दोघींनाही नेमका त्याच वेळी अभ्यास आठवला. "मम्मी, सोललेले मिळतात ना पाकिटात," जुई आतून ओरडली. मिळतात. धुतलेले, एकसारखे, एकही अळी नसलेले मिळतात. पण शेंगा सोलल्या नाहीत तर हिवाळा आल्याचं मला कळणार कसं, हे त्या पोरीला समजावण्यात अर्थ नव्हता. मी एकटीच बसले.

ओल्या तुरीच्या दाण्यांना आमच्या वऱ्हाडात सोले म्हणतात. सोले-वांग्याची भाजी, सोल्यांचे वडे, आणि काहीच करायचा कंटाळा आला तर मीठ घालून उकडलेल्या अख्ख्या शेंगा. सोलता सोलता अर्धे दाणे तोंडात जातात आणि नखांत जे हिरवट-काळं बसतं ते काही केल्या निघत नाही. तो तुरट वास आला की मी अमरावतीतून उठते आणि अकोल्याला, जठारपेठेतल्या माहेरच्या समोरच्या खोलीत जाऊन बसते. वर्षही ठरलेलं आहे. ज्या वर्षी माझ्या मुली शाळेत गेल्या नाहीत, ते.

माझे वडील, बाबूजी, अकोल्याला वकील होते. दिवाणी. म्हणजे मुख्यतः धुऱ्याचे दावे. दोन शेतांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि त्या हातभर जमिनीपायी सख्खे भाऊ बापाच्या श्राद्धाला एका पंगतीत बसत नाहीत. बाबूजींचं घर त्या धुऱ्यावर चाललं आणि माझं शिक्षणही. बोलणं हा त्यांचा धंदा होता आणि धंद्याबाहेर तोच शौक. भाजीवाल्याशी ते भाव करत नसत, युक्तिवाद करत. जेवताना बोलत, दाढी करताना बोलत. आई म्हणायची, "झोपीतही जज्जसायबाले समजावून सांगत राह्यतात." त्या वर्षी दिवाळी झाली आणि नंतर एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप पडला. लकवा. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. पाय बऱ्यापैकी परतला, हात थोडाथोडा. वाचा मात्र गेली ती गेली. एकच शब्द मागे राहिला होता. "तारीख."

चहा हवा असला तरी तारीख, शाल पांघरायची असली तरी तारीख, राग आला की मोठ्यानं तारीख, आणि आईकडे बघून कधी अगदी हळू, तारीख. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, एखादा शब्द अडकून बसतो. समजत त्यांना सगळं होतं. आपण भलतंच बोललो हेही समजायचं, आणि तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून पाहवत नाही. अकोटकडचे एक जुने पक्षकार, रामदासजी, तुरीच्या शेंगांचं पोतं घेऊन भेटायला आले. दर हिवाळ्यात कोणी ना कोणी आणायचंच. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, कसं वाटून राह्यलं आता?" बाबूजी म्हणाले, "तारीख." रामदासजींनी चटकन खिशातून डायरी काढली. "कोन्ती साहेब?" आई उठून आत गेली. मी हसले, खरंच हसले, आणि मग चहा करायच्या निमित्तानं मीही आत गेले.

मी एकुलती एक. आई एकटीनं बाबूजींना उठवू-बसवू शकत नव्हती आणि देखभालीला ठेवलेला माणूस बाबूजींनी तारखेच्या भडिमारानं पळवून लावला होता. माझं सासर अमरावतीचं, नवरा प्रशांत तिथल्या बँकेत. मग असं ठरलं की मी सोमवारी मुलींना घेऊन अकोल्याला जायचं आणि शुक्रवारी परतायचं. आठवड्यातून फक्त शनिवारी येणाऱ्या मुलींना कोणती शाळा ठेवून घेईल? ओवी तेव्हा दुसरीत होती, जुई पहिलीत. मुख्याध्यापक बाई तशा समजूतदार निघाल्या. "नाव काढू नका. घरी शिकवा, आणि एप्रिलच्या परीक्षेला बसवा. जमलं तर वर चढवू. नाही जमलं तर दोघीही आहे त्याच वर्गात बसतील." सासूबाईंनी एवढंच म्हटलं, "बाप तं बापच हाय बाई. पन पोरीयचं वर्ष वाया जाऊ देजो नोको." त्या दिवसापासून ते वर्ष माझ्या पदराला बांधलेलं होतं.

घरी शिकवा म्हणणं सोपं आहे. काय शिकवा? पुण्याच्या एका मैत्रिणीनं फोनवर तासभर सांगितलं की काहीच निवडू नकोस, मूल आपलं आपण निवडतं, आपण फक्त बाजूला व्हायचं. मी बाजूला झाले. जुईनं सलग तीन दिवस मांजर निवडलं. आईनं तिच्या परीनं सरकारी पुस्तकांचा संच आणून ठेवला आणि वर्तमानपत्राची कव्हरंही घातली. कोणी म्हणालं मोबाइलवर सगळं मिळतं. मिळतं खरं, पण त्यातली किनऱ्या आवाजाची बाई गाऊ लागली की बाबूजी कानावर डावा हात ठेवत, आणि कान दोन असल्यामुळे फारच चिडत. प्रशांतनं मात्र नीट अभ्यास करून, तुलना करून, बेंगळुरूहून एक खोका मागवला. त्याला वाटत होतं की मुली शाळेत जात नाहीत ही अडचण नसून संधी आहे. बँकेतले लोक अडचणीला संधी म्हणतात.

खोका सुरेख होता, नाही म्हणायचं कारण नाही. इंग्रजी अक्षरांची लाकडी पाटी, रंगीत मणी, चित्रांची कार्डं, आणि पालकांसाठी एक जाड पुस्तक. पहिल्या आठवड्याचा विषय होता समुद्रकिनारा. मुलांना अनवाणी वाळूत चालवा, असं लिहिलं होतं. अकोल्याला मोर्णा नदी आहे. मी इमानदारीनं दोघींना मोर्णेवर नेलं. तिथे म्हशी होत्या. जुई म्हशींवर खूश झाली आणि घरी येऊन तिनं शंखाच्या रकान्यात म्हैस काढली. दुसऱ्या आठवड्यात बर्फाचा माणूस करायचा होता. तो आम्ही शिळ्या भाताचा केला.

हा खोका आमच्याबरोबर एस.टी.नं अमरावती-अकोला करायचा. एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे बस गतिरोधकावर अशी उडाली की वरच्या रॅकवरचा खोका खाली आला आणि गणिताचे मणी सगळ्या बसभर पांगले. लाल, निळे, पिवळे, बस थांबली की पुढे पळायचे आणि निघाली की मागे. कंडक्टर ओरडला, "ओ ताई, काय सांडवलं हे?" जुईनं गंभीरपणे उत्तर दिलं, "आमची शाळा सांडली." सगळी बस खाली वाकली. धोतरवाल्या एका बाबांनी दोन्ही पाय वर घेतले आणि काठीनं मणी ढकलून दिले. शेजारच्या म्हातारीनं पदरात गोळा करून आणले. "माळ तुटली का वं बाई?" मी म्हटलं, "नाही आजी, गणित आहे." तिनं पदराकडे पाहिलं. "अवं माय. मंग एखांदा मनी राह्यला तं हिसाब चुकंन ना." ती पुन्हा वाकली, आणि मूर्तिजापूरला उतरायचं होतं तरी आणखी दोन मणी शोधूनच उतरली.

आता त्या बसची आठवण काढली की मुली हसतात. जुईला त्या वर्षातलं तेवढंच आठवतं. मला तर एकेका दुपारचा उजेड आठवतो, खिडकीतून येऊन परातीवर कुठे पडायचा तेसुद्धा. एकाच खोलीत एकाच वेळी बसलेली माणसं किती वेगवेगळे हिवाळे घेऊन उठतात याचं मला नवल वाटतं. थोडं वाईटही वाटतं.

त्या खोक्यातल्या जाड पुस्तकात पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की घोकंपट्टी नको. तेवढ्या एका वाक्यासाठी मी तो अभ्यासक्रम पसंत केला होता. कारण घोकंपट्टी म्हणजे काय ते मला माहीत होतं. लहानपणी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की बाबूजी मला भिंतीशी उभं करायचे आणि तिसापर्यंतचे पाढे, वर पावकी, निमकी, दीडकी म्हणवून घ्यायचे. मी अडखळले की ते नुसतं "हं?" म्हणत. त्या "हं"ला मी फार भीत असे. माझ्या मुलींना मी हे देणार नाही, असं मी कितीतरी वर्षांपूर्वीच, मुली व्हायच्याही आधी ठरवून टाकलं होतं. आईला ते अजिबात पटलं नव्हतं. "पाढे नाही तं कायची शाळा?" ती म्हणायची.

दरम्यान बाबूजींची वेगळीच परीक्षा चालू होती. भेटायला येणारा प्रत्येक जण, काय होतं कोण जाणे, समोरचा पेला उचलून त्यांना दाखवायचा. "हे काय हाये सांगा बरं, वकीलसाहेब?" काका आले, त्यांनी चष्मा दाखवला. बार रूममधले सहकारी आले, त्यांनी पेन दाखवलं. सगळ्यांचा हेतू चांगला होता. पण आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांना प्रश्न विचारले, त्याला पिंजऱ्यात उभं करून जो तो उलटतपासणी घेत होता. बाबूजी पेल्याकडे बघत, ओठ जुळवत, जोर लावत आणि शेवटी तारीख म्हणत. मग मान फिरवून भिंतीकडे बघत बसत. दवाखान्यात वाचा-उपचार करणारी मॅडम होती, पोरसवदाच, पण स्पष्ट. ती म्हणाली, "विचारू नका त्यांना काही. त्यांच्यासोबत बोला, त्यांच्यासोबत म्हणा. परीक्षा घेणं बंद करा." मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "अवं पन विचारलं नाही तं येते का नाही हे समजंन कसं?" आमच्या घरात विचारण्याशिवाय प्रेम करायची दुसरी रीतच नव्हती.

आणि मग ती दुपार. रामदासजींच्या पोत्यातल्या शेंगा परातीत होत्या. बोटांना व्यायाम म्हणून बाबूजींच्या पुढ्यातही थोड्या ठेवल्या होत्या. डाव्या हातानं शेंग धरायची, उजव्याच्या अंगठ्यानं दाबायची. अर्धे दाणे खोलीभर उडायचे आणि ते वेचायला मुलींना फार आवडायचं. मी आत खोक्यातल्या पुढच्या आठवड्याची तयारी करत होते. आईनं तेवढ्यात संधी साधली होती. शेंगा सोलता सोलता ती ओवीला गुपचूप पाढे शिकवत होती, आणि ओवी ठेक्यात म्हणत होती. मला ऐकू आलं. मी रागानं उठले. दारापर्यंत आले तेव्हा ओवी सातच्या पाढ्यात होती. सात पंचे पस्तीस, सात सक बेचाळीस, आणि तिथे ती अडली. तोंड उघडं, हातात शेंग. आईनं ओठ उघडले, पण त्याआधी एक जाड, गंजलेला आवाज आला. "सात साते एकोणपन्नास." आवाज बाबूजींचा होता. "सात आठे छप्पन्न. सात नवे त्रेसष्ट. सात दाहे सत्तर." बाबूजी थांबले नाहीत. आठचा धरला, नऊचा धरला, तेराचा, सतराचा. डोळे मिटलेले, डावा हात मांडीवर ताल धरत होता. ज्या माणसाला पाणी म्हणता येत नव्हतं तो माणूस एकोणतीसच्या पाढ्यातून न अडखळता बाहेर आला आणि दम खायला थांबला. मग डोळे उघडून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच मला पाढे ऐकताना रडू आलं ते भीतीनं नव्हे.

मॅडम म्हणाली की असं होतं. लहानपणी पाठ केलेलं डोक्यात दुसऱ्याच कप्प्यात असतं, तो कप्पा कधी कधी वाचतो. आता त्या कप्प्याच्या दाराशी दुसरे शब्द नेऊन ठेवा, म्हणाली. ठेक्यात, मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून.

झालं, माझा अभ्यासक्रम ठरला. खोका कपाटावर गेला. निवडीची कसोटी आता एकच होती, जे मोठ्यानं आणि एकत्र म्हणता येतं ते ठेवायचं आणि बाकीचं सोडायचं. आईच्या कव्हर घातलेल्या सरकारी पुस्तकांना भाव आला. अकरा वाजले की समोरच्या खोलीत वर्ग भरायचा. बाबूजी अंघोळ करून, केस विंचरून, कोर्टात निघाल्यासारखे येऊन बसायचे. आधी पाढे, मग जुईच्या पुस्तकातले धडे, सूर लावून. ओवी आघाडीला, आई मागून, आणि मध्ये बाबूजींचा तो खरखरीत आवाज. संक्रांतीच्या सुमारास "घर" हा शब्द आला. मग "पाणी". "पाणी" आल्यावर आईनं त्यांना उगाचच चार पेले पाणी पाजलं. एक दिवस "बदक" आला. बदकाचा आमच्या घरात काही उपयोग नव्हता, पण शब्द आला म्हणून आईनं शिरा केला. ओवी आणि त्यांचं विशेष जमलं होतं. ती सातच्या पाढ्यात त्याच जागी मुद्दाम अडायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघायची. बाबूजीही मुद्दाम थोडं थांबायचे, मग तिच्या तोंडातला घास पळवल्यासारखं एकोणपन्नास म्हणायचे. दोघं हसायचे. बाबूजी जाऊन आता तीन वर्षं होतील. पण मला ते आठवतात ते काळ्या कोटातले नाहीत. मांडीवर शेंगांची सालं पडलेली आहेत आणि चेहऱ्यावर पाढा चोरल्याचा आनंद आहे, असे आठवतात.

मी सुखात होते. हे सांगायला विचित्र वाटतं, कारण घरात आजारपण होतं, प्रवासानं कंबर मोडत होती, पण मी तशी सुखात पुन्हा फार थोड्या वेळा होते. थंडी होती, भाकरीवर सोले-वांग्याचा रस्सा होता, मुली माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि बाबूजींचे शब्द एकेक करून घरी येत होते. काही निवडायचं आहे हेच मी विसरले होते.

फेब्रुवारीतल्या एका आठवड्यात आम्ही शुक्रवारी परतलोच नाही, म्हणून रविवारी प्रशांत अकोल्याला आला. येताना त्यानं ओवीचं शाळेतलं इंग्रजीचं पुस्तक आणलं होतं. तिला मांडीवर घेऊन त्यानं दिवाळीपूर्वीचंच एक पान उघडलं, जे तेव्हा ती घडाघड वाचायची. ओवीनं पहिला शब्द वाचला, दुसऱ्यावर अडली, तिसऱ्यावर त्याच्याकडे बघून हसली. मग म्हणाली, "पप्पा, मी तुम्हाला एकोणीसचा पाढा म्हणून दाखवू?" त्यानं ऐकला, पूर्ण ऐकला, शाबास म्हणाला. जुईला त्यानं स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. तिनं ते गाऊन दाखवलं. लिहिण्यासारखं शांत काम आमच्या वर्गात कोणी करतच नव्हतं.

मी स्वयंपाकघरात वडे तळत होते. तो दाराशी येऊन उभा राहिला. प्रशांत आवाज चढवणारा माणूस नाही, तेव्हाही नव्हता. "मंजू, एक विचारू? हा अभ्यासक्रम तू मुलींसाठी निवडला की बाबूजींसाठी?" मी झारा आपटला. "दोघांसाठी." "दोघांसाठी असता तर ओवीला ते पान आलं असतं," तो म्हणाला. "एप्रिल आलाच आहे. मी तुला बाबूजींना सोडून ये म्हणत नाही. पण मुलींचं वर्ष जाईल, आणि तुला ते मला आधी सांगावं लागेल." मी म्हटलं, "त्यांचे शब्द येतायत रे. मुली नेल्या तर कोणासोबत म्हणतील ते?" तेल तापून धूर यायला लागला तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच गॅसकडे हात नेला. समोरच्या खोलीत बाबूजी बसले होते, आणि मध्ये फक्त एक पडदा होता.

सोमवारी अकराला वर्ग भरला. बाबूजी आले, बसले. ओवीनं पाढा सुरू केला. बाबूजींचा आवाज आला नाही. सातच्या पाढ्यात ती नेहमीच्या जागी अडली, कोपऱ्यातून बघितलं, वाट पाहिली. बाबूजी खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. "आबाजी, म्हणा ना. तुमची पाळी," ती आजोबांना म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण ओठ उघडले नाहीत. मी घाबरले. पुन्हा झटका आला की काय म्हणून तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. मॅडम म्हणाली कधी कधी रुग्ण कंटाळतो. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. तारीखसुद्धा म्हणेनात. मुलींना घोकायला सांगून सांगून माझा घसा बसला आणि तिकडे बाबूजी ओठ घट्ट मिटून, कोणी शपथ घातल्यासारखे बसलेले. आई म्हणाली, "काहून असं करून राह्यले, काही समजत नाही बाई." मला शंका होती, पण ती मी मनातसुद्धा पुरती उच्चारली नाही.

होळीच्या अलीकडची सकाळ होती. हवेतली थंडी गेली होती आणि मुली अंगणात होत्या. मी बाबूजींना चहा दिला आणि वळले तर त्यांनी माझं मनगट धरलं. उजव्या हातानं. त्या हातात तेवढा जोर परतला आहे हे मला माहीत नव्हतं. "पोरी," ते म्हणाले, आणि थांबले. कपाळावर घाम आला. जबडा वाकडा झाला, सरळ झाला. मी मध्ये काही बोलले नाही, सोबतही काही म्हटलं नाही, कारण ते काय म्हणणार आहेत हे मला कळलं होतं आणि ते त्यांनी म्हणू नये असं वाटत होतं. "शाळेत," ते म्हणाले. मग फार वेळ काहीच नाही. मग डोळे माझ्यावर रोखून, "धाड."

हे ना पाढ्यातलं होतं ना जुईच्या पुस्तकातलं. लकव्यानंतरचं त्यांचं पहिलं स्वतःचं वाक्य. ज्यासाठी आम्ही सगळ्यांनी इतका जीव काढला, ते वाक्य आलं होतं आणि मी आनंदानं आईला हाक मारायला हवी होती. मी तिथेच जमिनीवर बसले. "आणि तुमचं काय, बाबूजी?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही, वकील लोक निकाल लागून गेल्यावर हलवतात तशी. मनगट सोडलं आणि चहा उचलला.

होळी झाल्यावर मुली शाळेत गेल्या. प्रशांतनं रोज संध्याकाळी दोघींना घेऊन बसून एप्रिलपर्यंत भरून काढलं, आणि दोघीही वर चढल्या. आज त्यांना कोणी विचारलं की पहिली-दुसरीत काय झालं होतं, तर त्यांना आठवावं लागतं. मी अकोल्याला फक्त शनिवार-रविवार जाऊ लागले. मॅडमकडे बाबूजी जात राहिले. पण शब्द पुढे फारसे आले नाहीत. जे होते तेवढ्यांत त्यांनी पुढची वर्षं काढली. घर, पाणी, आई, झाड, ये, बस, दे. आयुष्यभर धुऱ्याचे दावे लढलेल्या माणसाजवळ शेवटी पहिलीच्या पुस्तकातले शब्द होते, आणि त्या शब्दांत मावत नाही असं ते काही मागत नसत.

मुली शाळेत जाऊ लागल्या त्याच आठवड्यात दुपारी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, तरी ती ठेवेना. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही वं. अकरा वाजले की हे अंघोळ करून, केस विंचरून समोरच्या खोलीत येऊन बसतात. बारा वाजेपर्यंत." मी म्हटलं, "अगं, त्यांना सांग ना, मुली आता येत नाहीत म्हणून." "सांगतलं," ती म्हणाली. "तं म्हणतात, बसू दे."